जीपचा साजशृंगार

अंगदनं फाटक ढकललं आणि हातातली पिशवी तिथंच सोडली. लिंबाखाली लालभडक काहीतरी उभं होतं.

"हे काय हाय?" तो म्हणाला. विचारलं कुणालाच नव्हतं. मागून सत्यशीला आत आली, तिच्या मागून वैष्णवी आली आणि दोघीही तिथंच खिळल्या. नवरा-बायको आणि लेक, तिघं परवा कपिलधारला गेली होती. सत्यशीलेची बहीण मंगल, तिच्या नातवाचं जावळ होतं. आता सांगा, माणसानं बहिणीच्या नातवाच्या जावळाला जायचं की नाही? जायलाच लागतं. आणि गेलं की मागं असं होतं.

लिंबाखाली जीप होती. अंगदच्या वडलांची, विठ्ठलरावांची जीप. परवापर्यंत ती कसल्या रंगाची होती हे कुणालाही धड सांगता आलं नसतं. कधीकाळी हिरवट होती, मग उन्हानं राखाडी झाली, मग पुढच्या बानटावर, म्हणजे बॉनेटवर, शेरडं बसून बसून तिथला रंग बराच झिजला होता. आता ती लाल होती. बाजूनं पिवळे पट्टे. दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर मोरांची एकेक जोडी, चोचीला चोच लावून. पुढं 'आई तुळजाभवानी प्रसन्न', मागं 'विठ्ठलरावांची पुण्याई'. आरशांना रंगीत गोंडे लटकत होते आणि पुढच्या बंपरला चक्क घुंगरमाळ बांधलेली होती.

"पप्पा," वैष्णवी हळूच म्हणाली, "सुग्रीवकाका आज दुपारी येणारेत."

"मला ठावं हाय!" अंगद ओरडला. ओरडला आणि मटकन पायरीवर बसला.

छबुबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. नवरा जाऊन वर्षं झाली तरी घरातला शेवटचा शब्द त्यांचाच असायचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही. त्यांनी मान वर केली.

"आलात? जावळ झालं का नीट? जेवायला काय केलतं?"

"माय, हे कुणी केलं?"

"सटवानं केलं. दोन दिस घातलेत बिचाऱ्यानं. ट्रॉल्या रंगवायचं काम बाजूला ठिवून आला. झकास झालंय का न्हाई?"

"तुला कुणी सांगितलं व्हतं रंग द्यायला?"

"सांगायला कशाला पायजे?" छबुबाईंनी लसणाची पाकळी ताटात टाकली. "ह्या घरातून एक तरी बैल बोडक्या शिंगांनी गेलाय का? तुझा बाप बाजाराला बैल नेताना आदी शिंगांना हिंगूळ लावायचा, झूल घालायचा, गोंडे बांधायचा, मग दावं हातात घ्यायचा. इकलेलं जनावर असलं तरी घरातून नटून जायचं. आन् तेंचीच जीप म्या तशी शेणा-मुतानं भरलेली पाव्हण्याच्या हवाली करू? लोकं काय मनतील? विठ्ठलरावाच्या माघारी घराला दळिंदर आलं मनतील."

अंगदनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. आईशी वाद घालायचा म्हणजे कुठून सुरू करायचा हेच त्याला आजवर कळलेलं नव्हतं. महिन्यापूर्वी वैष्णवीनं सहज गंमत म्हणून जीपचा फोटो मोबाइलवर टाकला होता. बानटावर बसलेल्या शेरडासकट. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून, मूळच्या गावच्याच सुग्रीवचा फोन आला आणि चार दिवसांनी तो स्वतःच आला. त्यानं जीपभोवती चकरा मारल्या, खाली वाकून बघितलं, फाटक्या सीटमधला काथ्या हातानं चाचपला आणि किंमत सांगितली. ती ऐकून अंगदला आधी वाटलं, हा आपली टिंगल करतोय. तेवढ्या पैशांत नवीकोरी गाडी आली असती, एसीवाली. जाताना सुग्रीवनं एकच गोष्ट बजावली होती: हिला हात लावू नका. धुऊसुद्धा नका. जशी हाय तशीच मला पाहिजे.

धुऊसुद्धा नका म्हणाला होता तो. आणि इथं मोर काढले होते.

सत्यशीला अजून फाटकातच उभी होती. केजला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिनं एक जागा बघून ठेवली होती. पुढं दुकानाचा गाळा, मागं दोन खोल्या. गाळ्यात मिरची कांडपाचं यंत्र टाकायचं, मसाले करून द्यायचे, मागं राहायचं. स्वतःच्या हातानं उघडायचं आणि स्वतःच्या हातानं बंद करायचं असं एक दार. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून तिनं चहात साखर किती टाकायची हेसुद्धा विचारून केलं होतं. जागेचा मालक ह्या आठवड्यापुरता थांबला होता. जीप आज गेली की उद्या विसार द्यायचा, असं नवरा-बायकोचं ठरलेलं होतं.

"वाळलाय का रंग?" एवढंच तिनं विचारलं.

"अजून थोडा चिकटतोय," छबुबाई म्हणाल्या. "हात लावू नको."

*

राम बीडहून मोटारसायकलवर आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धाकटा राम बीडला प्लॉटच्या खरेदी-विक्रीत होता आणि निम्मा वाटा घ्यायला वेळेवर हजर होता. तसा तो वेळेवर फक्त वाट्यालाच यायचा. फाटकातून आत शिरला आणि गाडी स्टँडला लावायचंही विसरला.

"आरारारा! काय चीज केलीय!" त्यानं जीपभोवती एक चक्कर मारली. "कुणी केलं? दादा, तू? तुझ्यात येवढं डोकं कधीपासून आलं?"

"मायनं केलं," अंगद म्हणाला.

"माय, मानलं तुला!" राम ओट्यावर आईच्या शेजारी जाऊन बसला. "ह्या घरात बिझनेस कुणाला कळत असंल तर एका मायला. मी ह्येच मनणार व्हतो, दादा. आमच्याकडं प्लॉट इकायचा असला तर आदी कंपाउंडला चुना मारतो. गिऱ्हाइकाला तोंड आवडलं पायजे. आता असं कर, किंमत वाढवून माग. रंगाचा खर्च झालाय मन."

"राम, त्यो जशी हाय तशी मागत व्हता."

"मागतेत लोकं! कमी द्यायला मागतेत. तुला येवढं कळंना का? 'लई जुनी हाय, लई खराब हाय,' आसं मनत मनत भाव पाडतेत."

"त्यांनी भाव पाडला न्हाई, काका," वैष्णवी म्हणाली. "त्यांनीच नव्या गाडीयेवढा भाव सांगितला."

"मग त्यो येडा असंल," राम म्हणाला. "येड्याला तर चकचकीत आजून आवडतंय."

त्याला मनापासून तसं वाटत होतं. राम लबाड होता, पण ह्या बाबतीत अगदी प्रामाणिक होता. भंगार दिसणाऱ्या वस्तूला कुणी जास्त पैसे देईल ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. शेजारी माय लसूण सोलत होती, तिचा हात त्यानं दाबला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"सटवाला बोलव," राम वैष्णवीला म्हणाला. "पाव्हण्याला दावू, कलाकार कोण हाय त्यो."

कुणी बोलवायची गरज नव्हती. कामाची तारीफ ऐकायला सटवा आपणहून आला होता. धुतलेला सदरा घालून फाटकाशी उभा होता.

*

सुग्रीव आला. गाडीतून उतरला आणि उतरल्या जागीच थांबला. पन्नाशीचा माणूस, पुण्यात स्वतःचा कारखाना, अंगावर साधा शर्ट. मागच्या खेपेला आला तेव्हा सगळ्यांनी त्याला ओळखलं होतं. त्याचा बाप दगडू ह्याच घरची शेरडं राखायचा.

सुग्रीव चालत जीपपाशी गेला. बानटावर हात ठेवला आणि उचलला. तळवा लाल झाला होता.

"जुना रंग?" त्यानं विचारलं.

"खाली असंल की," अंगद घाईनं म्हणाला. "वरचा काढला की खाली तसाच..."

"खाली काय न्हाई ठिवलं, साहेब," सटवा फाटकातून अभिमानानं म्हणाला. "पार ग्राइंडर मारून लोखंड काढलं आदी. मग रंग दिलाय. कामात कसूर न्हाई."

अंगदनं डोळे मिटून घेतले.

"सीटा?"

"त्यातला काथ्या सडला व्हता साहेब. पेटवून दिल्या. नव्या रेग्झिनच्या टाकल्यात, मरून रंगाच्या."

"आणि वरचं कापडी हूड?"

"हूड उंदरांनी खाल्लं व्हतं," छबुबाई म्हणाल्या. "बस की रे सुग्रीव. वैष्णवे, पाणी आन."

सुग्रीव ओट्याच्या कडेला बसला. लाल झालेला तळवा त्यानं गुडघ्यावर उलटा ठेवला होता. राम गिऱ्हाइकाशी बोलायच्या आवाजात म्हणाला, "साहेब, आता तुमी सांगितलेली किंमत व्हती त्या खटाऱ्याची. आता बघा तिच्याकडं. थोडंफार वाढवून..."

"मला न्हाई घ्यायची," सुग्रीव म्हणाला.

"आं?"

"आता न्हाई घ्यायची."

"आवो पण कावून? तीच गाडी हाय. तेच इंजिन, तीच चाकं. उलट नवी केलीय. तुमी गंजलेल्या गाडीला येवढे पैसे देत व्हतात आन् रंगवलेल्या गाडीला देत न्हाई? ह्ये कुठलं गणित?"

सुग्रीव वैतागल्यासारखा हसला. हेच त्याला आजवर बायकोनं, मेव्हण्यानं, बँकेतल्या साहेबानं, सगळ्यांनी विचारून झालं होतं.

"रामभाऊ, नवी गाडी ज्याच्याकडं पैसा त्यो कुणीबी घेतो. जुनी घासून पुसून चकचकीत केलेली घ्यायची असली तरी मिळते. पुण्यात गल्लीगल्लीत करून देतेत. पण जिला कुणी हातच लावला न्हाई अशी मिळत न्हाई. तिचा प्रत्येक पोचा कुठल्या तरी दगडाचा असतो, झिजलेला रंग कुणाच्या तरी कोपराचा असतो. ते कारखान्यात बनवता येत न्हाई. एकदा घासलं की गेलं. माझ्या ओळखीत असे लोक हायेत, अशी एक गाडी बघायला राजस्थानपर्यंत जातेत."

"मंजे गंजाचे पैसे देतेत?"

"हां. गंजाचे."

"येडे हायेत का?"

"थोडे हायेत. मी बी त्यातलाच." सुग्रीवनं पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. "पण दुसरी कुठली असती तर मी येवढे दिले नसते. ही मला पाहिजे होती. लहानपणी मी हिच्या मागच्या हुकावर उभा राहून केजला जायचो. आत मालकांची पोरं बसायची."

अंगदनं मान खाली घातली. आत बसणाऱ्या पोरांतला तो एक होता.

"एकदा धुऊन उभी केलेली व्हती, इथंच, लिंबाखाली. मी बानटावर हात ठेवला. काही करत नव्हतो, नुसता ठेवला. ऊन व्हतं, पत्रा गरम लागत व्हता, बरं वाटत व्हतं. मालकांनी मागून येऊन कानफटात मारली. 'रंगाला हात लावतो का बे?' मनाले. बापासमोर." सुग्रीव हे अगदी सरळ आवाजात सांगत होता. "मला तोच रंग विकत घ्यायचा व्हता. मग त्याच्यावर हात ठेवून बसायचं व्हतं. वाटंल तेवढा वेळ. बाकी काही न्हाई."

सटवाला काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण आपली तारीफ होणार नाही एवढं कळलं आणि तो हळूच निघून गेला.

सुग्रीव उठला. वाकून छबुबाईंच्या पाया पडला.

"गाडी छान दिसतीय, मालकीणबाई," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "कुणीतरी घेईल हौसेनं."

छबुबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मला ती कानफटाची गोष्ट ठावं नव्हती रे," त्या म्हणाल्या.

"कुणालाच नव्हती," सुग्रीव म्हणाला आणि निघाला. चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

*

त्याची गाडी नांदूरघाटच्या रस्त्याला लागली असेल नसेल, राम उभा राहिला.

"मी मनतच व्हतो!" तो गरजला. "जशी हाय तशी मागितलीय तर कशाला हात लावायचा? दादा, तुझी जिम्मेदारी व्हती. गाडी तुझ्या दारात उभी."

"तू तर किंमत वाढवून माग मनत व्हतास!"

"त्ये झाल्यावर मनलो. रंग द्यायला मी सांगितलं व्हतं का? मी माझं काम टाकून बीडहून आलोय, पेट्रोल जाळून."

"मग जा परत पेट्रोल जाळून! मी कुणाला सांगून गेलतो का रंग द्या मनून? माझी तर मती गुंग झालीय."

"भांडू नका," सत्यशीला म्हणाली. आवाज इतका कोरडा होता, की दोघंही गप्प झाले. ती खांबाला टेकून उभी होती. केजच्या गल्लीतला तो गाळा, त्याचं ते निळं शटर तिला दिसत होतं आणि ते आता दुसरं कुणीतरी उघडत होतं.

अंगदला कुणावर तरी ओरडायचं होतं. आईवर ओरडायची त्याची छाती नव्हती, भावावर ओरडून झालं होतं, बायकोच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. उरली पोरगी.

"वैष्णवे! तुला सांगितलं व्हतं ना मी, आज्जीला समजावून सांग मनून? सांगितलं व्हतं का न्हाई?"

"सांगितलं होतं, पप्पा."

"मग तू सांगितलंस का आज्जीला?"

"सांगितलं."

"खोटं बोलू नको! सांगितलं असतं तर म्हातारीनं असं केलं असतं का? तिला काय कळतंय त्यातलं? ती बिचारी बैल नटवतेत तशी नटवून बसली. चूक तुझी हाय."

वैष्णवीनं आजीकडं बघितलं. आजी लसूण सोलत होती. सोललेला लसूण ताटात ढीगभर झाला होता, एवढा लसूण घरात लागणारही नव्हता.

सांगितलं होतं. एकदा नाही, चांगलं समजावून सांगितलं होतं. जावळाला निघायच्या आदल्या दिवशी आजीनं स्वतःच विचारलं होतं, मंजे रंग दिला की त्यो घेणार न्हाई का? आणि वैष्णवी हसून म्हणाली होती, न्हाई घेणार आज्जी, पळून जाईल तो. आजी 'बरं' म्हणाली होती. तेव्हा ते साधं 'बरं' वाटलं होतं. सकाळी फाटकातून लाल जीप दिसल्यापासून ते 'बरं' वैष्णवीच्या डोक्यातून जात नव्हतं.

आता बोललं तर घर पेटणार. नाही बोललं तर आपण खोटारडे. तिला आजीचा राग आला, बापाचा आला, फोटो टाकायची अवदसा आठवलेल्या स्वतःचा तर फारच आला.

"मी सांगितलं होतं," ती परत म्हणाली. "आईची शप्पत."

"वैष्णवे," सत्यशीला म्हणाली, "खरं बोल. विसरलीस ना? चोवीस तास त्या मोबाइलात डोकं घालून बसायलीस. येवढं एक काम सांगितलं व्हतं. येवढं एक. माझं समदं आयुष्य त्याच्यावर व्हतं गं."

बापाचं बोलणं पोरीनं झेललं होतं. हे तिला झेपलं नाही. तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती तोंडावर ओढणी धरून हमसून रडायला लागली. तरीही आजीचं नाव तिनं घेतलं नाही.

छबुबाईंचा हात थांबला. त्यांनी सगळा विचार केला होता. सुग्रीव येईल, चिडेल, जाईल. पोरं चार दिवस आदळआपट करतील. मग नांगरटीचे दिवस येतील, सगळे विसरतील. म्हातारीला कळलं नाही म्हणतील, म्हणू देत. म्हातारीला कळत नाही असं लोकांना वाटलं की बरीच कामं सोपी होतात. पण मधे ही पोर येईल आणि गप्प बसून मार खाईल, हे त्यांच्या हिशेबात आलंच नव्हतं.

"गप बे अंगद," त्या म्हणाल्या.

"माय, तू मधी बोलू नको. लाडावून ठिवलीस तिला."

"गप मनलं ना! पोरीनं सांगितलं व्हतं मला. नीट सांगितलं व्हतं. रंग दिला तर त्यो घेणार न्हाई, ह्येबी सांगितलं व्हतं."

अंगद पायरी चढून ओट्यावर आला.

"मग तू इसरलीस?" अंगदनं विचारलं. त्याला अजून आशा होती.

"म्या कशाला इसरू? मला माझ्या लग्नातल्या पंगती याद हायेत. समदं कळत व्हतं, मनूनच केलं."

"कावून पण, माय?" राम जवळजवळ ओरडला. "कावून?"

छबुबाईंनी सत्यशीलेकडं बोट केलं. "हिनं केजात जागा बघितलीय मनून. मला सांगितलं कुणी? न्हाई. गिरणीवर शेजारणीनं सांगितलं. 'सून चालली का केजला?' दळण घेता घेता इचारायली. माझ्या घरची खबर मला गिरणीवर कळती! म्या हसले, हो मनले, आन् दळण तिथंच सोडून घरी आले." त्यांचा आवाज चढला. "राम गेला तवा म्या कायबी बोलले न्हाई. हातानं डबा भरून दिला. आता हे बी चालले. मग म्या इथं कुणासंगं बोलू? शेरडांसंगं?"

"आगं मग मी नेतो की तुला बीडला," राम म्हणाला.

"गेलते की. दोनदा गेलते. बॅग उघडायच्या आदी तुझी बायको इचारती, परतीची गाडी कवा हाय."

राम खाली बसला.

अंगद नुसता कपाळावर हात मारून घेत होता. "आगं बोलायचं व्हतं," तो म्हणत होता. "नुसतं बोलायचं व्हतं, माय. जाऊ नका मनायचं व्हतं. येवढे पैसे... मोर काढलेत गं तू तिच्यावर..."

"जाऊ नका मनून कोण ऐकलं असतं?"

सत्यशीला खांबापासून पुढं आली. वैष्णवीजवळ गेली, तिची ओढणी बाजूला केली, तिचं तोंड स्वतःच्या पदरानं पुसलं. "चुकलं माझं," ती लेकीला म्हणाली. मग सासूकडं वळली. आजवर ती सासूसमोर उभी राहून बोलली नव्हती, काहीतरी हातात घेऊन बोलायची. आज तिचे हात रिकामे होते.

"आत्याबाई, तुमी मला एकदा तरी इचारलं का?"

"तू मला सांगितलं का?"

"न्हाई सांगितलं. विसार दिल्यावर सांगणार व्हते. कारण आदी सांगितलं असतं तर तुमी 'म्या न्हाई येत' मनून धरून बसला असतात आन् चार पाव्हणे गोळा करून मला खोटं पाडलं असतं. खरंय का न्हाई?"

छबुबाई नाही म्हणाल्या नाहीत.

"'न्हाई येत'?" रामनं विचारलं. "मंजे काय वहिनी?"

"मंजे काय काय?" सत्यशीलेचा इतका वेळ कोंडलेला संताप एकदम बाहेर आला. "त्या जागेच्या मागं दोन खोल्या कशाला बघितल्या मी? आमाला तिघांना एक बास व्हती. केजात माडीवर कितीतरी खोल्या रिकाम्या हायेत, निम्म्या पैशात. पण आत्याबाईंचे गुडघे! ह्यांना पायरी चढवत न्हाई. मनून तळमजल्यावरच पायजे, संडास आतच पायजे, गाळ्यात खाट टाकली की समोर रस्ता दिसला पायजे, न्हाईतर ह्यांना दिवसभर करमायचं न्हाई. असली जागा हुडकत मी किती बाजाराचे दिवस केजात वणवण फिरले, ते ह्यांना इचारा," तिनं अंगदकडं हात केला. "मनून ती जागा महाग व्हती! मनून मला त्या खटाऱ्याचे पैसे पायजे व्हते! तुमच्यासाठी, आत्याबाई! आन् तुमी तिच्यावर मोर काढले!"

अंगद हळूच म्हणाला, "खरंय माय. मीच मनत व्हतो, सांगून टाकू. ही मनाली, थांबा, आदी चावी हातात येऊ द्या."

छबुबाई ताटातल्या लसणाकडं बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावरचं सगळं पाणी उतरलं होतं. इतक्या वर्षांत सुनेनं त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. बघून तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"आता ती जागा गेली," सत्यशीला म्हणाली. तिला आता थांबायचं नव्हतं. "पण मी थांबणार न्हाई. उद्याच्या उद्या जाते आन् माडीवरची खोली भाड्यानं घेते. यंत्र न्हाई आलं तर खलबत्त्यात कुटीन. वैष्णवी माझ्याबरुबर येईल, हे यायचे तर येतील. तुमी ऱ्हावा इथं. तुमच्यासंगं बोलायला जीप ठिवलीय."

"वहिनी..." राम म्हणाला.

"तुमी मधी पडू नका, भावजी. तुमचा वाटा तिथं उभा हाय, मधोमध कापून घेऊन जा."

ती वळून आत निघाली. उंबऱ्यापर्यंत गेली असेल तेव्हा मागून छबुबाईंचा आवाज आला. तो आवाज घरात कुणाच्या ओळखीचा नव्हता, इतका बारीक होता.

"सत्यशीले."

ती थांबली. वळली नाही.

"त्या माडीला पायऱ्या किती हायेत?"

सत्यशीलेला रडू आलं. त्याचाच तिला जास्त राग आला आणि तिनं चौकट घट्ट धरली.

"लई हायेत," ती म्हणाली.

"चढंन की," छबुबाई म्हणाल्या. "बसत बसत चढंन."